पोट, पाट आणि आबे फारिया

हिप्नोथेरपी, म्हणजे संमोहनातून उपचार, घेतली असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे तुला काही कळत नव्हतं का त्या वेळी?" आणि मग जरा आवाज खाली आणून दुसरा, "त्यांनी तुझ्याकडून काही वदवून वगैरे नाही ना घेतलं?" विचारणाऱ्यांचं चुकत नाही, कारण आपल्याकडे संमोहन म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो गॅदरिंगला येणारा काळ्या कोटातला माणूस, जो स्टेजवर बोलावून एखाद्याला कच्चा बटाटा सफरचंद म्हणून खायला लावतो, नाहीतर लोकलच्या डब्यात चिकटवलेला तो वशीकरणाचा स्टिकर, चोवीस तासांत गॅरंटीने काम. मी सगळ्यांना एकच उत्तर देते की मला सगळं कळत होतं. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला तेही कळलं, पंखा एका बाजूला कुरकुरत होता तेही कळलं, आणि मधेच मला उठून जायचं असतं तर मी गेलेही असते. हे ऐकलं की लोकांचा चेहरा पडतो, म्हणजे मग झालं काय तुझं? तर झालं ते सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं, कारण यात भोंदूगिरी भरपूर आहे पण त्या भोंदूगिरीखाली एक खरी, उपयोगाची, नीट तपासलेली गोष्ट दबून गेलीय आणि ती ज्यांना हवीय त्यांच्यापर्यंत पोचत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझा त्रास पोटाचा. आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. नाव खूप जणांनी ऐकलेलं असतं पण ज्याला आहे त्याचं आयुष्य त्याच्याभोवती कसं आवळत जातं हे बाहेरून दिसत नाही. मी डोंबिवलीहून सीएसएमटीला जाते, फास्ट लोकल मिळाली तरी तासाच्या वर जातो, आणि मुंबईच्या लोकलमध्ये टॉयलेट नसतं. ज्याचं पोट ठीक आहे त्याला हे वाक्य वाचून काहीच वाटणार नाही. माझ्यासारखीला मात्र सकाळी उठल्यापासून तेवढंच डोक्यात असायचं, आज काय होणार, ठाण्याला उतरावं लागलं तर, कुर्ल्याला उतरावं लागलं तर, प्लॅटफॉर्मवरचं टॉयलेट उघडं असेल का, असलं तर पाणी असेल का. हळूहळू मी सकाळी काही न खाताच निघायला लागले, मग लग्नकार्यात जेवणं टाळायला लागले, मग गावी जाताना एसटी नको आणि गाडीने गेलं तर पुढच्या सीटवर बसायचं आणि घाटात गाडी अडकली की घामाने चिंब. मैत्रिणींबरोबरची ट्रिप तर दर वर्षी काहीतरी कारण काढून रद्द. पोट दुखायचं, फुगायचं, आणि कधी दिवसात चार-पाच वेळा पळापळ तर कधी तीन-तीन दिवस काहीच नाही. हे कुणाला सांगणार? गुडघेदुखीचं चारचौघांत सांगता येतं, याचं नाही, त्यात बाईने तर नाहीच.

तपासण्या सगळ्या झाल्या. रक्त, सोनोग्राफी, कोलोनोस्कोपी, आणि सगळं नॉर्मल. नॉर्मल रिपोर्ट हातात आला की घरचे सुटकेचा श्वास सोडतात आणि पेशंट जास्त एकटा पडतो हे मी अनुभवलंय. काही नाहीये तुला, टेन्शन घेऊ नकोस. आई म्हणाली नजर लागली असेल, आणि दर अमावास्येला मीठमोहऱ्या उतरवल्या, ते तिच्या मायेचं होतं म्हणून मी गप्प बसून उतरवून घेतल्या. आहारही बदलून पाहिला. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाने फोडमॅप नावाची जी पद्धत काढलीय तीत आतड्यात आंबून गॅस करणारे पदार्थ काही आठवडे बंद करायचे आणि मग एकेक परत आणून बघायचं असतं. ऐकायला सोपं वाटतं, पण त्या यादीत कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले सगळंच येतं, म्हणजे मराठी घरातली फोडणीच बंद. उपयोग झाला थोडा, नाही असं नाही, पण एकत्र कुटुंबात एका बाईसाठी वेगळी बिनकांद्याची भाजी रोज कोण करणार, तर ती बाईच.

मग एका पोटाच्या डॉक्टरांनी, जे फार कमी बोलायचे, कागदावर मेंदू आणि आतड्याचं चित्र काढून दाखवलं. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी मज्जापेशी असतात, त्यांचं आपलं स्वतःचं एक जाळं असतं आणि ते जाळं व्हेगस नावाच्या मोठ्या नसेने आणि पाठीच्या कण्यातून मेंदूशी सतत बोलत असतं, दोन्ही बाजूंनी. आयबीएसमध्ये आतडं वरून निरोगी दिसतं पण हे बोलणं बिघडलेलं असतं. आतड्यात छोटा फुगा फुगवून केलेल्या प्रयोगांत बघितलंय की जेवढ्या दाबाला इतरांना नुसतं भरल्यासारखं वाटतं तेवढ्याच दाबाला आयबीएसच्या बऱ्याच पेशंटना दुखतं. म्हणजे रेडिओचं स्टेशन बरोबर लागलंय पण आवाजाची खुंटी कुणीतरी शेवटपर्यंत पिळून ठेवलीय. आणि भीती वाटली की खुंटी अजून पिळली जाते. ते म्हणाले, तुमचं दुखणं खरं आहे, ते मनाचे खेळ नाहीत, पण ते कमी करायचा एक रस्ता मेंदूकडून जातो. आणि मग त्यांनी हिप्नोथेरपी हा शब्द उच्चारला. मी घरी येऊन आठवडाभर कुणाला सांगितलं नाही.

ज्यांच्याकडे त्यांनी पाठवलं त्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत्या, पन्नाशीच्या, कॉटनची साडी, टेबलावर लॉकेट नाही की फिरणारं चक्र नाही. पहिल्या भेटीत तर संमोहन केलंच नाही. सगळे रिपोर्ट बघितले, वजन कमी झालंय का, शौचावाटे रक्त जातं का, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर होता का, हे सगळं परत विचारलं, कारण यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांकडे परत पाठवावं लागतं. मग झोप कशी, कामाचं काय, पूर्वी कधी भ्रम किंवा तसले आजार झालेत का, आणि शेवटी तुम्हाला नक्की काय बदललेलं हवंय. मी म्हटलं पोट बरं करा. त्या म्हणाल्या, "मी काही बरं करणार नाही, मी रस्ता सांगेन, चालायचं तुम्हाला आहे, रोज, घरी. ते जमणार असेल तर सुरू करू." मला तेव्हा ते औपचारिक वाटलं होतं. नंतर कळलं की या विद्येचं सगळं मर्म त्याच वाक्यात होतं.

प्रत्यक्ष सेशन कसं असतं ते लिहिते कारण त्याबद्दलच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. आरामखुर्चीत बसायचं, भिंतीवरच्या एका बिंदूकडे बघत राहायचं, त्या हळू आवाजात बोलतात, पापण्या जड होतील, मिटल्या तर मिटू द्या. मग श्वास, मग कपाळ, जबडा, खांदे, एकेक जागा सैल सोडत खाली यायचं. मग एखादा जिना उतरतोय अशी कल्पना. यात झोप लागत नाही. लक्ष इतकं एका जागी गोळा होतं की बाकीचं ऐकू येतं पण महत्त्वाचं वाटत नाही, रात्री पुस्तकात गुंगलेल्या मुलाला आई जेवायला हाक मारते आणि त्याला हाक ऐकू येऊनही तो हलत नाही, तसलीच ती अवस्था, अगदी रोजच्या ओळखीची. मग त्यांनी मला तळहात पोटावर ठेवायला सांगितला आणि म्हणाल्या हाताला ऊब येतेय, ती ऊब आत उतरतेय. आणि आली ऊब. मी मनात म्हणत होते की हात पोटावर ठेवला तर गरम लागणारच, तरीही ती आत उतरली हे खरं. इथे शंका घेणारं मन आणि अनुभवणारं शरीर दोन्ही एकाच वेळी जागे असतात, एकाने दुसऱ्याला हाकलून द्यावं लागत नाही.

पुढचा भाग नदीचा. आतड्यासाठीच्या संमोहनात वाहत्या पाण्याचं चित्र बऱ्याचदा वापरतात, म्हणजे आतड्याची हालचाल हा एक प्रवाह आहे, तो फार वेगाने जात असेल तर संथ करायचा, अडला असेल तर मोकळा करायचा, असं मनात बघायचं. त्यांनी विचारलं, तुमच्या ओळखीची नदी कुठली? मी चिपळूणची, म्हणून पटकन म्हणाले वाशिष्ठी. डोळे मिटून वाशिष्ठी आणायला गेले आणि माझा श्वासच चढला. २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणला जो पूर आला त्यात माहेरच्या घरात पहिल्या मजल्याला पाणी टेकलं होतं, आईबाबा माळ्यावर बसून होते, फोन लागत नव्हते, आणि तो दिवस माझ्या पोटातून कधी गेलाच नव्हता. त्यांनी लगेच थांबवलं, डोळे उघडायला सांगितले, पाणी दिलं. पुस्तकातलं चित्र माझ्यावर लादलं नाही. म्हणाल्या, पाण्याची दुसरी कुठली जागा आहे का, जिथे तुम्हाला भीती नाही वाटत?

आणि मला आजोळचा पाट आठवला. गुहागरकडे आजोळ, घरामागे आगर, वरच्या पऱ्यातून पाट काढून सुपारीला पाणी दिलेलं. आजी दुपार टळली की फावडं घेऊन निघायची, आम्ही मागे मागे. एका ओळीला पाणी पुरेसं झालं की मातीचा बांध घालून ते तोंड बंद करायचं आणि पुढच्या ओळीचं उघडायचं, जोर जास्त असेल तर दोन दगड टाकायचे, पाला अडकला असेल तर हाताने काढायचा. पाणी आपल्या आपण पुढच्या आळ्यात जायचं. पंचवीस-तीस वर्षं मी त्या पाटाचा विचार केला नव्हता, पण डोळे मिटल्यावर चिखलाचा वास, सुपारीच्या पडलेल्या झावळ्या, आजीच्या कासोट्याला लागलेली माती, सगळं समोर. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "आता फावडं तुमच्या हातात आहे." त्या दिवसापासून माझं आतडं म्हणजे तो पाट. पळापळ होणार असं वाटलं की दोन दगड टाकायचे. अडलं की पाला काढायचा.

वाचणाऱ्याला हे लहान मुलांच्या खेळासारखं वाटेल, मला समजू शकतं. पण त्यांनी ते रेकॉर्ड करून दिलं, मी रोज रात्री जेवणानंतर थोड्या वेळाने खोलीचं दार लावून ऐकायचे, नवऱ्याने मुलांना सांगून ठेवलं होतं की आईच्या त्या वेळेत टीव्ही बारीक. पहिले काही आठवडे काहीही बदल नाही. मग एकदा लक्षात आलं की गाडी मुंब्र्याच्या पुढे सिग्नलला उभी आहे, बराच वेळ उभी आहे, आणि मी फोनवर बहिणीशी बोलतेय. पोट हा विषयच डोक्यात नव्हता. सहसा गाडी थांबली की पहिल्या मिनिटाला कळ यायची. पूर्ण गेलं का तर नाही. अजूनही महिन्यात काही दिवस वाईट असतात, पाळीच्या आधी तर हमखास. पण दुखण्याची धार गेली आणि मुख्य म्हणजे दुखेल या भीतीने जे आयुष्य आक्रसलं होतं ते मोकळं झालं. गेल्या मे महिन्यात आम्ही बहिणी एसटीने गुहागरला गेलो, घाटात गाडी बंद पडली, आणि मी बाकीच्यांबरोबर खाली उतरून करवंदं विकत घेतली.

या सगळ्यात मला आबे फारिया, संमोहनाचा अभ्यास करणारा जुन्या काळातला गोव्याचा पाद्री, भेटला, आणि त्याच्याबद्दल मला नुसतं कुतूहल नाही, आता प्रेम वाटतं. पणजीला गेलेल्या प्रत्येकाने त्याचा पुतळा बघितलेला असतो, जुन्या सचिवालयाच्या, म्हणजे आदिलशहाच्या राजवाड्याच्या शेजारी, झग्यातला एक उंच माणूस हात पसरून उभा आणि त्याच्या पुढ्यात मागे कलंडणारी बाई. १९४५ सालचा पुतळा, घडवणारे रामचंद्र पांडुरंग कामत हे गोव्याचेच. जुझे कुश्तोद्यु द फारिया, जन्म १७५६, बारदेशातल्या कांदोळीचा. पंधरा वर्षांचा असताना वडील त्याला घेऊन लिस्बनला गेले, पुढे रोममध्ये शिकून तो पाद्री झाला. त्याच्याबद्दलची एक आख्यायिका गोव्यात पोराटोरांना पाठ असते, पोर्तुगालच्या राणीपुढे प्रवचनाला उभा राहिला आणि समोरचा थाटमाट बघून त्याची वाचाच बसली, तेव्हा वडील कोकणीत हळूच म्हणाले, ही सगळी भाजी, कातर रे भाजी, आणि त्याची जीभ सुटली. खरं-खोटं देव जाणे, पण आपल्या भाषेतले दोन शब्द कानावर पडले आणि भीती उतरली ही गोष्ट, ज्या माणसाने पुढे आयुष्यभर शब्दांची माणसावर होणारी किमया अभ्यासली, त्याला फार शोभते.

१७८७ मध्ये गोव्यात पोर्तुगीजांविरुद्धचा पिंटोंचा कट उघडकीला आला, त्याच्या वडिलांवर संशय होता, आणि पुढच्याच वर्षी हा पॅरिसला गेला. तिथे तेव्हा मेस्मर नावाच्या डॉक्टरच्या चुंबकविद्येची धूम होऊन गेली होती. मेस्मर म्हणायचा की माणसाच्या शरीरात एक अदृश्य प्रवाह असतो आणि तो माझ्या हातातून रोग्यात जातो. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने समिती नेमली, तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन होता, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होता. त्यांनी रोग्यांचे डोळे बांधून तपासलं, तर ज्यांना वाटलं की आपल्यावर प्रयोग चाललाय त्यांना झटके आले आणि ज्यांच्यावर नकळत प्रयोग केला त्यांना काहीच झालं नाही. समितीने निकाल दिला की प्रवाह वगैरे काही नाही, ही सगळी कल्पनाशक्ती. आणि विषय मिटला असं सगळ्यांनी धरलं. फारिया मात्र तिथे थांबला नाही. नुसत्या कल्पनेने जर शरीरात एवढं घडत असेल तर मग कल्पनेचाच अभ्यास करायला नको का? १८१३ पासून तो पॅरिसमध्ये लोकांसमोर प्रयोग करून दाखवायचा, माणसाला बसवायचा, शांत व्हायला सांगायचा आणि म्हणायचा, झोपा. आणि सांगायचा काय, तर माझ्या हातात कसलीही शक्ती नाही, जे घडतं ते तुमच्या एकाग्रतेने, तुमच्या आत घडतं. ज्या शहरात लोक त्याला जादूगार मानायला तयार होते त्या शहरात तो सावळा गोंयकार उभा राहून सांगत होता की जादू माझ्यात नाही. त्याची टिंगल झाली, एका नटाने संमोहित झाल्याचं सोंग करून त्याला उघडं पाडल्याचा गाजावाजा झाला, १८१६ मध्ये त्याच्यावर नाटकही आलं. १८१९ च्या सप्टेंबरमध्ये तो गेला, ज्या वर्षी त्याचं पुस्तक छापलं गेलं त्याच वर्षी.

म्हणून पणजीच्या त्या पुतळ्यासमोर उभी राहिले की मला आता जरा अस्वस्थ व्हायला होतं. पुतळा देखणा आहे, पण त्यात सगळी ताकद त्याच्या पसरलेल्या हातांत आहे आणि ती बाई नुसती कलंडतेय. फारियाचं म्हणणं बरोबर याच्या उलट होतं. शिल्पात ते दाखवणं अवघडच म्हणा, आत चाललेलं काम ब्राँझमध्ये कसं घडवणार.

हिंदुस्थानात याचा एक वेगळा अध्याय आहे तो थोडक्यात. १८४५ मध्ये बंगालात हुगळीला जेम्स एस्डेल नावाचा स्कॉटिश सर्जन होता, त्याने भूल नसलेल्या काळात चुंबकविद्येने गुंगी आणून मोठाली ऑपरेशन्स केली, हत्तीरोगाने वाढलेल्या प्रचंड गाठी काढल्या, आणि १८४६ मध्ये कलकत्त्यात त्यासाठी हॉस्पिटलही निघालं. तासन्तास रोग्यांच्या अंगावरून हात फिरवायचं काम त्याचे देशी मदतनीस करायचे, त्यांची नावं कुणी घेत नाही. पहिला रोगी तुरुंगातला कैदी होता, त्याला नाही म्हणायची मुभा कितपत होती हा प्रश्न मला सतावतो. तोवर इथर आलं, मग क्लोरोफॉर्म, आणि हे सगळं मागे पडलं. तिकडे मँचेस्टरच्या जेम्स ब्रेड या डॉक्टरने १८४० च्या दशकात संमोहनाला चुंबकापासून सोडवून डॉक्टरी भाषेत आणलं. योगायोग असा की आतड्याच्या संमोहनाचं आधुनिक काम मँचेस्टरमध्येच झालं, पीटर व्होरवेल यांनी १९८४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ३० पेशंटवरचा प्रयोग छापला, जे कशानेच बरे होत नव्हते असे, आणि संमोहन घेतलेल्यांत स्पष्ट फरक दिसला.

तेव्हापासून बरंच पाणी वाहून गेलंय आणि सगळंच गोड नाही, तेही सांगायला हवं. नेदरलँड्समधल्या ३५४ पेशंटच्या मोठ्या अभ्यासात, जो २०१९ मध्ये आला, तीन महिन्यांनी पुरेसा आराम मिळाला असं म्हणणारे एकेकट्याने संमोहन घेणाऱ्यांत शंभरात साधारण ४० होते, गटात घेणाऱ्यांत ३३, आणि नुसती माहिती-आधार मिळालेल्यांत १७. म्हणजे जवळपास दुप्पट किंवा त्याहून जास्त, पण निम्म्याहून जास्त लोकांना तेवढा आराम मिळाला नाही हेही त्याच आकड्यांत आहे. मोनाशवाल्यांनी २०१६ मध्ये संमोहन आणि फोडमॅप आहार समोरासमोर ठेवून बघितले तर दोन्ही जवळपास सारखेच निघाले, ते वाचून मला माझ्या बिनकांद्याच्या भाज्या आठवल्या. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २००८ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे की वर्षभर औषधं घेऊन आयबीएस आटोक्यात येत नसेल तर संमोहनाचा विचार करा. सिगारेट सोडण्यासाठी मात्र पुरावा पुरेसा नाही असं उपचारांचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात आलंय, जरी जाहिराती सगळ्यात जास्त त्याच्याच दिसतात. आणि सगळी माणसं सारखी संमोहित होत नाहीत. थोडे लोक अगदी सहज जातात, थोडे जवळजवळ जातच नाहीत, बाकी मधले, आणि यात कमी-जास्त हुशारीचा किंवा कमकुवत मनाचा काही संबंध नाही. स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्पीगेल यांच्या गटाने २०१६ मध्ये अशा दोन टोकांच्या ५७ लोकांच्या मेंदूचे स्कॅन केले, तर सहज जाणाऱ्यांत त्या अवस्थेत सतत पहारा देणारा मेंदूचा एक भाग शांत होतो आणि शरीराची जाणीव ठेवणाऱ्या भागाशी मेंदूच्या पुढच्या भागाचं नातं घट्ट होतं असं दिसलं. पोटावरच्या हाताची ऊब आत उतरते ती कदाचित याच वाटेने.

आता ज्यावर मला रागाने लिहायचंय ते. दोन दिवसांचा वीकेंड कोर्स, सर्टिफिकेट, आणि सोमवारी नावापुढे थेरपिस्ट. पूर्वजन्मात नेऊन आणतो म्हणणारे. लहानपणी तुझ्यावर अमुक झालं होतं ते तू विसरलीयस, मी आठवून देतो म्हणणारे. हे शेवटचं सगळ्यात भयंकर, कारण संमोहनात माणूस सुचवलेल्या गोष्टी खऱ्या आठवणी म्हणून धरू शकतो आणि वर त्याला त्यांची पक्की खात्री वाटते, यातून परदेशात कुटुंबंच्या कुटुंबं उद्ध्वस्त झालीत आणि कोर्ट-कचेऱ्या झाल्यात. आठवण उकरून काढायला संमोहन वापरणारा माणूस भेटला तर उठून यावं. आपल्या आरोग्य मंत्रालयाने २००३ मध्ये हिप्नोथेरपीला उपचारपद्धती म्हणून मान्य करताना ती योग्य प्रशिक्षण घेतलेल्यानेच करावी असं म्हटलंय, आणि माझ्या मते त्याचा साधा अर्थ असा की जो माणूस संमोहनाशिवायही तुमच्या आजारावर उपचार करायला पात्र आहे त्याच्याकडेच जा, मानसोपचारतज्ज्ञ किंवा नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. भ्रम, भास होणारे आजार असतील तर हे आपल्या मनाने अजिबात नको. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे श्याम मानव वर्षानुवर्षं स्वसंमोहन शिकवत आलेत, म्हणजे ही विद्या बुवांची नव्हे, बुवांपासून काढून घ्यायची आहे हे इथे कुणीतरी आधीच ओळखलेलं होतं.

परवा माझ्या नणंदेने फोन केला. तिला हाच त्रास, नाशिकला शाळेत शिकवते, तास चालू असताना वर्ग सोडून जाता येत नाही. म्हणाली, "वहिनी, तुझं ते रेकॉर्डिंग मला पाठव ना व्हॉट्सॲपवर, मी पण ऐकते." मी नाही म्हटलं, आणि तिला ते लागलं हे आवाजावरून कळलं. मग तिला समजावून सांगितलं की त्यात गुहागरचं आगर आहे, माझ्या आजीचं फावडं आहे, तुला त्याचं काय, तू तर वाढलीस सटाण्याला द्राक्षबागेत. तुझ्याशी कुणीतरी तासभर बसून बोलायला हवं, तुझं पाणी कुठलं ते तुला विचारायला हवं. ती थोडा वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, आमच्याकडे पाणी ठिबकनेच यायचं, थेंब थेंब, कॉक फिरवला की सुरू. मी म्हटलं हेच सांग त्यांना. तिची अपॉइंटमेंट पुढच्या गुरुवारी आहे, जुने सगळे रिपोर्ट फाइलला लावून घेऊन जा म्हणून मी तिला दोनदा बजावलंय.